बिलरॉथ आणि जठराचा नकाशा

कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जठराच्या ऑपरेशनची नोंद वाचली, तर एक नाव हमखास भेटते. ‘बिलरॉथ वन’ किंवा ‘बिलरॉथ टू’. जठराचा खालचा भाग काढून टाकल्यावर उरलेले जठर आतड्याला कोणत्या पद्धतीने जोडले, एवढेच त्यातून सांगायचे असते. इंटर्नपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे हे नाव इतक्या सहज उच्चारतात की, तो एक हाडामांसाचा माणूस होता हे विसरायलाच होते. या माणसाला खरे तर संगीतकार व्हायचे होते. त्याने दवाखाना थाटला तेव्हा दोन महिने एकही रुग्ण फिरकला नाही. जठराच्या कर्करोगाची जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मात्र त्याच्याच हातून झाली. आज दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया करणारे सर्जन पडद्यावर जो रक्तवाहिन्यांचा आणि ग्रंथींचा नकाशा शोधत असतात, त्यातल्या पहिल्या काही रेघा त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या. नकाशा तेव्हा अर्धाच होता आणि त्याची किंमत त्या पहिल्या रुग्ण स्त्रीला मोजावी लागली.

थिओडोर बिलरॉथ यांचा जन्म 26 एप्रिल 1829 रोजी बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगेन बेटावर, बेर्गेन या गावी झाला. वडील पाद्री होते. थिओडोर पाच वर्षांचा असताना ते क्षयाने गेले आणि आई मुलांना घेऊन ग्राइफ्सवाल्डला राहायला आली. शाळेत हा मुलगा यथातथाच. गणित आणि भाषा या दोन्हींत मागे, पियानोवर मात्र तासन् तास. पुढे संगीतच शिकायचे, हे त्याच्या मनाने पक्के केले होते. आईला ते परवडणारे नव्हते आणि पटणारेही नव्हते. तिच्या आग्रहाखातर त्याने वैद्यकीय शिक्षण घेतले. आपल्याकडे आजही कित्येक घरांत हा संवाद होतो, फक्त बहुतेकदा त्यातून बिलरॉथ निघत नाहीत! ग्राइफ्सवाल्ड, गॉटिंगेन आणि बर्लिन असा प्रवास करत 1852 मध्ये ते डॉक्टर झाले. तोवर आईही क्षयाने गेली होती.

बर्लिनमधला तो फसलेला दवाखाना बंद केल्यावर त्यांना त्या काळचे नामवंत शल्यविशारद बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांच्याकडे साहाय्यकाची जागा मिळाली. तिथे त्यांनी दिवसा ऑपरेशने पाहिली आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाला दिला. गाठी, जखमा, हाडे, जे हाती येईल ते कापून काचेखाली पाहायचे. पुढच्या साऱ्या कामाचा पाया इथे घातला गेला. शस्त्रक्रिया म्हणजे हाताचा वेग, अशी तोवरची समजूत होती. भूल येण्यापूर्वीच्या काळात ती बरोबरही होती, कारण जागेपणी पाय कापून घेणाऱ्या माणसासाठी एकेक सेकंद महत्त्वाचा असे. इथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर सर्जनला वेळ मिळाला. त्या वेळेचे काय करायचे, हा प्रश्न बिलरॉथ यांच्या पिढीपुढे होता. सावकाश, थर उलगडत, शरीररचना ओळखत पुढे जायचे, हे त्यांनी दिलेले उत्तर.

1860 मध्ये वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते झुरिचला प्राध्यापक झाले. 1863 मध्ये त्यांचे शल्यविकृतिशास्त्रावरचे पुस्तक आले. पन्नास व्याख्यानांच्या रूपात लिहिलेला हा ग्रंथ अनेक भाषांत गेला आणि त्याने त्यांचे नाव युरोपभर पोहोचवले. त्याहून मोलाचे काम मात्र कमी लोकांना माहीत आहे. झुरिचमधल्या सात वर्षांत आपल्या विभागात झालेल्या शस्त्रक्रियांचा सगळा हिशेब त्यांनी छापून काढला. किती बरे झाले, किती दगावले, कशाने दगावले, सगळे. त्या काळी नामांकित सर्जन आपली यशोगाथा छापत आणि मृत्यू झाकून ठेवत. बिलरॉथ यांनी ते उघड केले, तेही आपली कीर्ती नुकतीच वाढू लागली असताना. आपल्या चुका नेमक्या कुठे झाल्या हे कळल्याशिवाय पुढच्या रुग्णाला काही देता येत नाही, ही त्यांची धारणा होती. ऑपरेशननंतर नियमित ताप मोजून नोंदवण्याची सवयही त्यांच्या विभागाने लवकर लावून घेतली.

1867 मध्ये ते व्हिएन्नाला आले आणि तिथल्या विशाल सार्वजनिक रुग्णालयातली दुसरी शल्यचिकित्सा शाखा त्यांच्या ताब्यात आली. पुढची 27 वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते तिथेच राहिले. मध्ये 1870 मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी स्वखुशीने जखमी सैनिकांवर उपचार केले. बर्लिनहून लांगेनबेक यांच्या जागेसाठी बोलावणे आले, तेही त्यांनी नाकारले. व्हिएन्नाने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, संगीत. झुरिचमध्ये ओळख झालेले संगीतकार योहानेस ब्राम्स आता त्यांच्याच शहरात होते. ब्राम्स यांच्या नव्या रचना आधी बिलरॉथ यांच्या घरी, मित्रमंडळींसमोर वाजवून पाहिल्या जात आणि डॉक्टर स्वतः त्यांत व्हायोला वा पियानो घेऊन बसत. 1873 मध्ये ब्राम्स यांनी आपल्या दोन तंतुवाद्य-चौकड्या त्यांना अर्पण केल्या. (पुढे बिलरॉथ यांनी त्यातल्या एका हस्तलिखिताची पहिली ओळ कापून ब्राम्स यांच्या छायाचित्राखाली चिकटवली, तेव्हा संगीतकार भलतेच नाराज झाले. सर्जनच्या हातात कात्री दिल्यावर दुसरे काय होणार!)

व्हिएन्नाने दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे शवागार. तिथल्या विकृतिशास्त्र संस्थेत 1817 पासूनच्या शवविच्छेदनांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. कोण कशाने मेले, आत काय सापडले, याचा एवढा मोठा खजिना युरोपात क्वचितच कुठे असेल.

जठराचा कर्करोग तेव्हा अगदी नेहमीचा आणि हमखास जीवघेणा आजार होता. जठर ही एक स्नायूंची पिशवी. वर अन्ननलिका येते. खाली जठराचे तोंड निमुळते होत लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उघडते. या अरुंद तोंडाला पायलोरस म्हणतात. तिथे गाठ झाली की दार बंद. खाल्लेले पुढे सरकत नाही, पिशवी फुगत जाते आणि तासा-दोन तासांनी सगळे उलटून पडते. रुग्ण कर्करोगाने मरण्याआधी उपासमारीने मरतो. त्या काळी डॉक्टरांकडे त्यावर अफूखेरीज फारसे काही नव्हते. गाठ पोटावर हात ठेवला तरी लागते, ती नेमकी कुठे आहे हे कळते, मग ती कापून का काढायची नाही? हा प्रश्न विचारायला सोपा होता. 1810 मध्ये जर्मनीतल्या मेरेम या तरुण डॉक्टरने कुत्र्यांमध्ये हा भाग काढून पाहिला होता. त्याची थट्टा झाली आणि विषय पडून राहिला.

बिलरॉथ यांनी तो तीन बाजूंनी पुन्हा हातात घेतला. पहिली बाजू प्राण्यांची. त्यांचे साहाय्यक कार्ल गुसेनबाउअर आणि अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी कुत्र्यांमध्ये पायलोरस काढून जठर आणि आतडे परत शिवले. मोठी भीती अशी होती की, मांस पचवणारा जठररस ताजा टाकाही पचवून टाकेल. तसे झाले नाही. कुत्री जगली, टाके भरून आले. दुसरी बाजू शवागाराची. याच साहाय्यकांनी साठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या आणि त्यातून जठराच्या कर्करोगाचे सुमारे नऊशे रुग्ण वेगळे काढले. निम्म्याहून अधिकांची गाठ पायलोरसपाशी होती. त्यातल्याही बऱ्याच जणांत मृत्यूच्या वेळेपर्यंत कर्करोग दूरच्या अवयवांत पसरलेला नव्हता. म्हणजे वेळेवर गाठ काढली असती, तर त्यातले काही वाचले असते, असा त्याचा अर्थ. हे काम 1876 मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरी बाजू जिवंत माणसाची. 1877 मध्ये बिलरॉथ यांनी एका रुग्णाच्या जठरातून पोटाबाहेर उघडलेले छिद्र शिवून बंद केले आणि ते भरून आले. माणसाचे जठर टाका धरते, याची खात्री पटली.

जठर इतके चांगले भरून का येते, याचे उत्तर त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. पोटातल्या महाधमनीतून निघणाऱ्या एका आखूड, जाड फांदीतून जठर, यकृत आणि प्लीहा या तिघांना रक्त जाते. तिथून निघालेल्या शाखा जठराच्या आखूड कडेने डावीकडून आणि उजवीकडून येऊन एकमेकींना भेटतात. लांब कडेनेही तशाच दोन येतात. शिवाय प्लीहेकडून काही आखूड वाहिन्या थेट जठराच्या वरच्या फुगीर भागात शिरतात. आतल्या भिंतीत तर या सगळ्यांचे जाळेच विणलेले असते. त्यामुळे यातल्या दोन-तीन वाटा बांधून टाकल्या तरी उरलेले जठर उपाशी राहत नाही. खालचा भाग काढता येतो, तो या उदारपणामुळेच.

बिलरॉथ यांची कामाची पद्धतच ही होती. 1873 च्या अखेरच्या दिवशी त्यांनी कर्करोगासाठी माणसाचा संपूर्ण स्वरयंत्र काढला, तेव्हाही त्याआधी त्यांचे साहाय्यक व्हिन्सेंझ चेर्नी यांनी ते कुत्र्यांमध्ये करून पाहिले होते. आधी प्राणी, मग शव, मग माणूस. जंतूंच्या बाबतीत मात्र त्यांची वाट वळणाची होती. जखमांमधल्या जंतूंवर त्यांनी 1874 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. आज घसादुखीच्या रुग्णालाही ठाऊक असलेला ‘स्ट्रेप्टोकोकस’ हा शब्द त्यांचाच. तरी हे सगळे जंतू एकाच वनस्पतीची रूपे आहेत, अशी त्यांची चुकीची समजूत होती. लिस्टर यांची कार्बोलिक अॅसिडची पद्धत स्वीकारायलाही त्यांनी बरीच वर्षे घेतली. स्वीकारली तेव्हा मात्र नीट स्वीकारली आणि त्यानंतरच पोट उघडण्याचे धाडस शक्य झाले.

दरम्यान इतर जण पुढे सरसावले होते. एप्रिल 1879 मध्ये पॅरिसच्या ज्यूल पेआँ यांनी कर्करोगासाठी पायलोरस काढला. रुग्ण पाचव्या दिवशी गेला. नोव्हेंबर 1880 मध्ये पोलिश सर्जन लुडविक रिडिगिअर यांनी तेच केले. त्यांचा रुग्ण बारा तासांत गेला.

जानेवारी 1881 मध्ये थेरेसे हेलर ही 43 वर्षांची, आठ मुलांची आई बिलरॉथ यांच्याकडे आली. काही महिन्यांपासून खाल्लेले ठरत नव्हते. शरीर वाळून गेले होते, नाडी जलद आणि बारीक लागत होती, पोटात गाठ हाताला लागत होती. आंबट दुधावर ती कशीबशी तग धरून होती. तिने शस्त्रक्रियेला होकार दिला. न करण्याचा परिणाम तिला दिसतच होता.

29 जानेवारीला ऑपरेशन झाले. त्याआधी नळी घालून तिचे जठर सुमारे 14 लिटर कोमट पाण्याने धुतले. बंद दारामागे साचलेले कुजके अन्न ऑपरेशनच्या वेळी पोटात सांडले असते, तर सगळेच संपले असते. क्लोरोफॉर्म दिल्यावर गाठीच्या वरच पोटावर आडवा छेद घेतला. गाठ अपेक्षेपेक्षा मोठी होती, जठराचा खालचा तिसरा हिस्सा तिने व्यापला होता. आधी जठराच्या दोन्ही कडांच्या रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या, मग गाठ सुटी केली, मग निरोगी भागातून जठर आणि आतडे कापले. जठराचे तोंड मोठे आणि आतड्याचे लहान, त्यामुळे जठराची कड काही अंतर शिवून ते तोंड आतड्याच्या मापाचे केले आणि मग दोन्ही जोडली. सुमारे 50 रेशमी टाके. भूल धरून सगळे साधारण दीड तासात आटोपले. काढलेल्या तुकड्याची लांब कड 14 सेंटिमीटर भरली.

पुढचे दिवस कसोटीचे. पण ताप आला नाही, पोट फुगले नाही. आधी बर्फाचे तुकडे, मग तेच आंबट दूध. तेही चमच्या-चमच्याने. सहाव्या दिवशी, 4 फेब्रुवारीला, बिलरॉथ यांनी व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना उघडे पत्र लिहून ही हकीकत कळवली. ज्या माणसाने आयुष्यभर घाईच्या यशोगाथांना नाक मुरडले, त्याने सहा दिवसांत जगाला बातमी द्यावी, हे थोडे विसंगतच. आनंद आवरला नसावा. सुमारे तीन आठवड्यांनी थेरेसे चालत घरी गेली. ती जेवू लागली होती.

पुढचे दोन रुग्ण मात्र वाचले नाहीत. इथे शरीररचनेचा एक धडा होता. सुरुवातीला त्यांनी आतडे जठराच्या आखूड, वरच्या कडेला जोडले होते. त्यामुळे लांब कडेचा भाग खाली पिशवीसारखा लोंबकळत राहिला. अन्न त्यात साचायचे आणि वरच्या वाटेकडे चढायचे नाही. तिसऱ्या रुग्णाच्या वेळी त्यांनी जोड लांब कडेच्या टोकाला आणला, म्हणजे पिशवीच्या तळाला दार आले. आज ‘बिलरॉथ वन’ म्हणून ओळखली जाते ती ही सुधारलेली रचना. एप्रिलमध्ये त्यांचे साहाय्यक अँटोन व्होल्फलर यांनी त्याच पद्धतीने केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि ती रुग्ण पुढे कित्येक वर्षे जगली. 1885 मध्ये एक रुग्ण इतका अशक्त होता की, गाठ काढण्याचा विचार सोडून केवळ अन्नाला वाट मिळावी म्हणून जठर लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडले. टेबलावर त्याची प्रकृती टिकली, तेव्हा त्याच बैठकीत गाठही काढून टाकली आणि मागे राहिलेली दोन्ही तोंडे बंद केली. ही झाली ‘बिलरॉथ टू’. ती योजनेतून नव्हे, तर प्रसंगातून जन्मली.

थेरेसे हेलर मे 1881 मध्ये गेली. ऑपरेशनला चार महिनेही पूर्ण झाले नव्हते. कर्करोग पोटात परतला होता.

पेशी गाठीपासून सुटून निघतात त्या लसिकावाहिन्यांच्या वाटेने. या वाहिन्या रक्तवाहिन्यांचे बोट धरून चालतात आणि त्यांच्या काठाकाठाने शेंगदाण्याएवढ्या, कधी त्याहून बारीक ग्रंथी असतात. गाठ काढली आणि या ग्रंथी मागे राहिल्या, तर घर पेटल्यावर निखारे तसेच ठेवण्यासारखे आहे. रक्तवाहिनी अवयवाजवळ बांधली की सोपे जाते, पण ग्रंथी आत राहतात. तिच्या उगमापाशी जाऊन बांधली, तर ग्रंथींचा पुंजका सोबत निघतो. 1881 मध्ये रक्तवाहिन्यांचा नकाशा होता, ग्रंथींचा जवळजवळ नव्हता. बिलरॉथ यांच्याच तालमीतले योहान फॉन मिकुलिच यांनी पुढे कर्करोग कोणकोणत्या वाटांनी पसरतो ते मांडले आणि जठरासोबत ग्रंथीही काढायला हव्यात, हा आग्रह धरला. याच मिकुलिच यांनी 1881 मध्ये व्हिएन्नात जठराच्या आत डोकावण्याची नळी तयार करून वापरली होती. आजच्या एंडोस्कोपीची ती पणजी. जठर कापण्याचे आणि त्यात दिवा नेऊन पाहण्याचे प्रयोग एकाच वर्षी, एकाच शहरात झाले.

सगळेच काही गौरवाचे नाही. 1876 मध्ये वैद्यकीय शिक्षणावर लिहिलेल्या पुस्तकात बिलरॉथ यांनी हंगेरी आणि गॅलिशियातून येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी अत्यंत हिणकस मजकूर लिहिला. त्यावरून विद्यापीठात दंगे झाले, ज्यू विद्यार्थ्यांना मारहाण झाली. वीस वर्षे व्हिएन्नात राहिल्यावर त्यांचे मत बदलले आणि आयुष्याच्या शेवटी ते ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेत सामील झाले. पण छापलेले शब्द परत घेता येत नाहीत, आणि त्यांचा उपयोग करणारे त्या शहरात पुढे पुष्कळ निघाले. त्याच सुमारास परिचारिकांच्या शिक्षणासाठी त्यांनी रुडोल्फिनरहाउस ही संस्था उभी केली. ऑपरेशनइतकीच ऑपरेशननंतरची शुश्रूषा महत्त्वाची, हे त्यांना थेरेसेच्या आजारपणाच्या कितीतरी आधीपासून पटले होते. 1887 मध्ये न्यूमोनियाने त्यांना जवळजवळ नेलेच होते. तेव्हापासून हृदय कमकुवत झाले. 6 फेब्रुवारी 1894 रोजी एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या अबात्सिया या गावी ते वारले. माणसाला संगीत कळते म्हणजे नेमके काय होते, या विषयावरचे त्यांचे पुस्तक अपुरे राहिले होते. ते मित्राने नंतर प्रसिद्ध केले.

ग्रंथींचा नकाशा पुरा व्हायला विसावे शतक उजाडले. जपानमध्ये हा कर्करोग फार, त्यामुळे तिथल्या सर्जनांनी हे काम चिकाटीने केले. 1962 मध्ये त्यांनी नियमावलीच काढली. जठराभोवतीच्या ग्रंथींच्या प्रत्येक गटाला क्रमांक मिळाला. पायलोरसखालचा गट सहा, डाव्या जठर धमनीच्या मुळाचा सात, यकृताकडे जाणाऱ्या धमनीवरचा आठ, आणि असेच पुढे. पोस्टाच्या पिनकोडसारखे. कुठला गट काढला, कुठल्यात कर्करोग सापडला, हे जगातला कुठलाही सर्जन आता एकाच भाषेत लिहू शकतो. 1991 मध्ये जपानच्याच सेइगो कितानो यांनी पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा खालचा भाग काढला. जोडणी केली ती ‘बिलरॉथ वन’.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीजवळच्या छिद्रातून कॅमेरा जातो, आणखी चार-पाच लहान छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे. दिसते ते मोठे आणि लखलखीत, पण हाताचा स्पर्श जातो. बिलरॉथ गाठ बोटांनी चाचपू शकत होते, धमनीचे ठोके बोटाला जाणवत होते. इथे ती सोय नाही. पुढे काय आहे हे आधीच माहीत असावे लागते. मदतीला येते ती गर्भातली घडामोड. गर्भाचे जठर सुरुवातीला सरळ नळी असते, मग ते वळते, त्याच्याबरोबर त्याला धरून ठेवणारे पडदे वळतात आणि शेजारच्या पडद्यांना चिकटतात. चिकटलेल्या दोन थरांमध्ये कोळिष्टकासारखी विरळ, जवळजवळ रक्तहीन जागा उरते. तो थर सापडला की हत्यार आपोआप सरकते, पडदा कोरडा राहतो. थर चुकला की रक्त येते, आणि रक्ताने लाल झालेल्या पडद्यावर काहीच ओळखू येत नाही.

सर्वांत अवघड जागा दोन. एक पायलोरसच्या खाली. तिथे जठराची एक शीर मोठ्या आतड्याच्या शिरेला मिळून आखूड खोड तयार होते. जर्मन शरीररचनाकार हेन्ले यांचे नाव त्याला आहे. ओढले की ते फाटते. शिवाय तिथेच आडव्या मोठ्या आतड्याचा पडदा चिकटलेला असतो. जुन्या काळात जठर सोडवताना त्या पडद्यातल्या वाहिन्या बांधल्या जाऊन आतडे सडल्याचे प्रकार घडले होते. दुसरी जागा स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला. सात, आठ, नऊ क्रमांकांच्या ग्रंथी तिथेच असतात. त्या काढताना स्वादुपिंड नुसते जोरात दाबले, तरी त्याचा पाचक रस झिरपू लागतो आणि शेजारच्या धमन्या पोखरू शकतो. शिवाय काही माणसांत यकृताच्या डाव्या भागाची धमनी नेहमीच्या जागेऐवजी डाव्या जठर धमनीतूनच निघते. न पाहता मुळाशी बांधली, तर यकृताच्या त्या भागाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. म्हणून आता ऑपरेशनपूर्वी सीटी स्कॅनवर रुग्णाच्या धमन्यांची ठेवण पाहून घेतात. नकाशा सर्वांचा सारखा नसतो.

जठराच्या खालच्या भागातल्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकीच जीव वाचवते, हे कोरियातल्या मोठ्या अभ्यासातून दिसले आहे. जखम लहान, दुखणे कमी, रुग्ण लवकर घरी. त्यासाठी आजार लवकर सापडावा लागतो आणि आपले घोडे तिथेच अडते. मिझोरामसारख्या राज्यात हा कर्करोग देशात सर्वाधिक आढळतो. पण महाराष्ट्रातही रुग्ण बहुधा येतो तो थेरेसे ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत. महिनोन् महिने अॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन, वजन घटून, उलट्या सुरू झाल्यावर. चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, दोन घासांत पोट भरणे, कारणाशिवाय वजन उतरणे, काळी शौच किंवा न हटणारा रक्तक्षय, यातले काहीही असेल तर गोळ्या बदलत बसण्याऐवजी एंडोस्कोपी करून घ्यावी. पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे.

थेरेसे हेलरचे जठर व्हिएन्नाच्या वैद्यकीय संग्रहालयात काचेच्या बरणीत आजही आहे. गाठ गेली आहे. जठर आणि आतडे जिथे शिवले होते, तो जोड भरून आलेला आहे.